विझलेल्या सूर्यांचे ग्रह : पाहिल्याशिवाय मानू नका!

'ग्रह' हा शब्द आपल्या घरात दोन वाटांनी येतो. एक वाट मुलांच्या पाठ्यपुस्तकाची. दुसरी वाट पत्रिका पाहणाऱ्याची. पहिल्या वाटेने आलेला ग्रह सूर्याभोवती मुकाट फिरतो, कोणाकडून काही मागत नाही. दुसऱ्या वाटेने आलेला ग्रह मुलीच्या लग्नात आडवा पडतो, मुलाच्या नोकरीवर वक्र नजर ठेवतो आणि शांत होण्यासाठी दक्षिणा मागतो. १९५६ साली धम्मदीक्षा घेताना आपल्या आजी-आजोबांनी ही दुसरी वाट बुजवली होती. तरीही नातीच्या लग्नाची बोलणी निघाली की कोणीतरी मागच्या दाराने पत्रिका दाखवून येते आणि 'मंगळ आहे' म्हणून चांगले स्थळ हातचे जाते, असे आजही कानावर येते. ज्या मंगळाचा या मुलीशी काडीचा संबंध नाही, त्याच्या नावाने तिची मान खाली जाते. म्हणून या आठवड्यात आम्ही ग्रहांविषयीच लिहावयाचे ठरवले आहे. पण पत्रिकेतल्या नव्हे, दुर्बिणीतल्या.

जगात अशी माणसे आहेत की कोणी ग्रहाचे नाव काढले तर ती एकच मागणी करतात : दाखवा! ग्रह आहे असे गणित सांगते, ठीक. पण त्याचा फोटो कोठे आहे? गेल्या काही वर्षांत या माणसांनी एक फारच अवघड जागा शोधासाठी निवडली आहे. जे तारे जळून संपले, ज्यांची नुसती राख उरली, त्या विझलेल्या ताऱ्यांच्या अंगणात अजून ग्रह फिरत आहेत काय, हे ती प्रत्यक्ष फोटो काढून तपासत आहेत. हा शोध कसा चालतो आणि त्यात आपल्या घराला घेण्यासारखे काय आहे, ते पाहू या.

अक्कलकुव्याच्या डोक्यावरचे आकाश

अक्कलकुवा तालुका सातपुड्याच्या कुशीत, उत्तरेला नर्मदा. देवगोई घाट चढून मोलगीकडे, तेथून डाब-काठीच्या बाजूला गेले की रात्री हाताला हात दिसत नाही. हा अंधार आम्हाला भूषणाचा वाटत नाही. याच तालुक्यातील मणिबेलीची जमीन सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली आणि वीज मात्र अनेक पाड्यांवर फार उशिरा आली. विजेसाठी, रस्त्यासाठी, शाळेसाठी भांडायचेच आहे. पण या अंधाराने एक गोष्ट राखून ठेवली आहे. मुंबई-पुण्याच्या मुलांना पैसे मोजूनही न मिळणारे आकाश आपल्या पोरांना अंगणात फुकट मिळते.

या आकाशात एक तारा ओळखायला सर्वांत सोपा. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. वर मृग नक्षत्र दिसेल. त्याच्या मध्यभागी एका ओळीत तीन तारे. ती ओळ डावीकडे खाली लांबवली की आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा भेटतो. तो व्याध. १४ एप्रिलला जयंतीची मिरवणूक निघण्याच्या वेळी, रात्री आठला, हाच व्याध नैऋत्येकडे चांगला वर दिसतो. व्याध म्हणजे शिकारी. नाव पुराणातल्या कथेचे असले तरी तारा कोणत्याही पुराणाच्या मालकीचा नाही. तो आपल्यापासून साधारण साडेआठ प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज रात्री डोळ्यात शिरणारा त्याचा प्रकाश, तुमचा तिसरीतला मुलगा जन्मला त्या सुमारास तेथून निघालेला आहे.

व्याध एकटा नाही. १८४४ मध्ये फ्रीडरिश बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने दाखवून दिले की व्याध सरळ न चालता नागमोडी चालतो, म्हणजे कोणीतरी न दिसणारा जोडीदार त्याला ओढत असला पाहिजे. अठरा वर्षे तो जोडीदार केवळ हिशेबात राहिला. ३१ जानेवारी १८६२ रोजी अमेरिकेत आल्व्हान क्लार्क नावाचा भिंगे घासणारा कारागीर नवी दुर्बीण तपासून पाहत होता. त्याला व्याधाच्या बाजूला एक बारीक ठिपका दिसला. हिशेब खरा ठरला, पण तो डोळ्यांनी दिसल्यावर! हा जोडीदार साध्या डोळ्यांना दिसत नाही. व्याध त्याच्यापेक्षा सुमारे दहा हजार पट तेजस्वी आहे.

राखेतला निखारा

या जोडीदाराच्या जातीच्या ताऱ्याला मराठीत 'श्वेतबटू' म्हणतात. बटू म्हणजे येथे मुंजीचा बटू नव्हे. बटू म्हणजे बुटका. आकार पृथ्वीएवढा, वजन मात्र सूर्याएवढे. त्यातला एक चहाचा चमचा भरून द्रव्य आणले तर ते काही टन भरेल.

हे कसे घडते? सूर्यासारखा तारा आयुष्यभर आपल्या पोटात हायड्रोजन जाळतो. इंधन संपत आले की तो फुगून लाल होतो, अंगावरचे थर अवकाशात सोडून देतो आणि मागे उरतो तो दाबून घट्ट झालेला गाभा. रात्री स्वयंपाक आटोपल्यावर चुलीत निखारा राहतो. त्यात नवे लाकूड नसते, तरी तो बराच वेळ धगधगतो. श्वेतबटू तसाच. त्यात जळणारे काही नाही. उरलेल्या उष्णतेवर तो कोट्यवधी वर्षे मंद होत जातो.

अशा निखाऱ्याचे वजन किती असू शकते, याला मर्यादा आहे हे शोधणारा तरुण भारतीय होता. १९३० साली बोटीने इंग्लंडला जाताना एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी हा हिशेब मांडला. ही मर्यादा पुढे सूर्याच्या सुमारे १.४ पट ठरली. १९३५ मध्ये लंडनच्या सभेत थोर शास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी त्यांची टर उडवली. पण विज्ञानात मोठ्या माणसाचा शब्द शेवटचा नसतो. १९८३ मध्ये चंद्रशेखर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आकाशगंगेतील बहुसंख्य ताऱ्यांचा शेवट श्वेतबटू होण्यातच आहे, आपल्या सूर्याचासुद्धा.

फोटो काढणे एवढे अवघड का?

देवगोई घाटात समोरून ट्रक येत आहे. त्याच्या दिव्याशेजारी काजवा उडतो आहे. तो तुम्हाला दिसेल काय? ताऱ्याशेजारचा ग्रह असाच हरवतो. आपल्या नेहमीच्या प्रकाशात सूर्य हा गुरू ग्रहापेक्षा सुमारे शंभर कोटी पट तेजस्वी आहे. म्हणून दूरच्या ताऱ्यांचे बहुतेक ग्रह आडवाटेने सापडले. तारा डुलतो काय, ग्रह आडवा आल्याने ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो काय, हे मोजून. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह शोधला, तोही ताऱ्याच्या डुलण्यावरूनच. त्याबद्दल त्यांना २०१९ चे नोबेल मिळाले. ग्रह मात्र त्यांनी पाहिला नव्हता.

त्याच वर्षी ताऱ्याशेजारच्या अंधुक सोबत्याचा प्रत्यक्ष फोटो काढण्याची विद्या एक मोठे पाऊल पुढे गेली. त्यात महाराष्ट्राच्या मातीत जन्मलेल्या एका माणसाचा हात होता. डॉ. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म ४ ऑक्टोबर १९५६ चा, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या दहा दिवस आधीचा. गाव कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड. शालेय शिक्षण हुबळीला, पुढे दिल्लीची आय.आय.टी., मग अमेरिका. कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावरील दीड मीटरच्या दुर्बिणीने त्यांनी, तादाशी नाकाजिमा आणि बेन ओपेनहायमर यांनी 'ग्लीझ २२९' या ताऱ्याची शेजारपाजार तपासली. हा तारा १९ प्रकाशवर्षांवर, शशक तारकासमूहात, म्हणजे मृगाच्या पायाखाली आणि व्याधाच्या उजवीकडे आहे. साध्या डोळ्यांना तो दिसत नाही.

त्यांच्या दोन युक्त्या समजण्यासारख्या आहेत. उन्हात एस.टी. येते का पाहताना आपण कपाळावर हात आडवा धरतो. त्यांनी ताऱ्यापुढे तबकडी आडवी धरली. वैशाखात तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा थरथरते आणि समोरचे चित्र हलते. आकाशातली हवाही तशीच थरथरते. ती थरथर सेकंदाला अनेकदा मोजून आरशाने दुरुस्त करायची, ही दुसरी युक्ती. ऑक्टोबर १९९४ मध्ये त्यांना ताऱ्याशेजारी ठिपका दिसला. त्यांनी लगेच ढोल वाजवले नाहीत. एक वर्ष थांबले. वर्षानंतरही ठिपका ताऱ्याबरोबरच सरकलेला आढळला, तेव्हा १९९५ च्या नोव्हेंबरात जगाला सांगितले. त्या ठिपक्याच्या प्रकाशात मिथेन सापडला, आपल्या गोबरगॅसमध्ये असतो तोच. मिथेन टिकतो म्हणजे तो गोळा ताऱ्याच्या मानाने फार थंड असला पाहिजे.

हा ग्रह नव्हता. ग्रहापेक्षा मोठा पण ताऱ्यापेक्षा लहान असा 'तपकिरी बटू' होता. कथा तेथेही संपली नाही. २०२४ मध्ये नव्या दुर्बिणींनी पुन्हा पाहिले तेव्हा तो एक नसून दोन निघाले. गुरूच्या ३८ पट आणि ३४ पट वजनाचे, एकमेकांभोवती बारा दिवसांत फिरणारे. तीस वर्षे पुस्तकात एक म्हणून छापलेली वस्तू दोन निघाली आणि कोणी त्याला धर्मबुडवेपणा म्हटले नाही. पुस्तक बदलले, एवढेच.

निखाऱ्याशेजारी काजवा दिसतो

आता युक्ती पाहा. ट्रकच्या दिव्याशेजारचा काजवा दिसत नाही, पण विझत आलेल्या निखाऱ्याशेजारचा दिसू शकतो. श्वेतबटू आकाराने लहान, म्हणून त्याचा एकूण उजेड सूर्याच्या हजारावा, पुष्कळदा दहा हजारावा भाग. शिवाय तारा मरताना आपले निम्म्याच्या आसपास वजन उधळून देतो. वजन घटले की ओढ घटते आणि वाचलेले ग्रह दूर सरकतात, अंतर साधारण दुप्पट होते. घरचा कर्ता गेल्यावर मुले लांब पांगावीत तसे. म्हणजे दिवा मंद झाला आणि काजवाही दिव्यापासून दूर गेला. फोटो काढणाऱ्याला आणखी काय हवे?

तिसरी सोय अवरक्त प्रकाशाची. चुलीवरून उतरवलेला तवा लाल दिसत नाही, पण हात जवळ नेला की धग लागते. ती धग म्हणजेच डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश. थंड ग्रहही अशी मंद धग सोडत असतो. या प्रकाशात पाहिले तर ग्रह आणि श्वेतबटू यांच्यातला फरक कोटींच्या हिशेबातून शेकड्यांच्या-हजारांच्या हिशेबात उतरतो.

या वाटेने पहिले पाऊल १९८८ मध्ये पडले. एरिक बेकलिन आणि बेन झुकरमन यांनी 'जीडी १६५' या श्वेतबटूशेजारी अवरक्त प्रकाशात एक अंधुक सोबती पाहिला. तो ग्रह नव्हता, तपकिरी बटूंच्या सीमेवरचा गोळा होता. २०११ मध्ये केव्हिन लुहमन आणि सहकाऱ्यांनी स्पिट्झर अवकाश दुर्बिणीचे २००४ आणि २००९ मधले दोन फोटो शेजारी ठेवले. सुमारे ६३ प्रकाशवर्षांवरच्या 'डब्ल्यूडी ०८०६-६६१' या श्वेतबटूबरोबर एक ठिपका सरकत होता. त्याचे वजन गुरूच्या सात ते नऊ पट. पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर, त्याच्या सुमारे अडीच हजार पट अंतरावर तो आहे. इतक्या दूर जन्मलेल्याला ग्रह म्हणावे की लहान तपकिरी बटू, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. पण फोटो आहे, म्हणून वाद नावाचा आहे, अस्तित्वाचा नाही.

मग आली जेम्स वेब अवकाश दुर्बीण. २५ डिसेंबर २०२१ रोजी, आपण मनुस्मृती दहन दिन पाळतो त्याच तारखेला, ती अवकाशात गेली. साडेसहा मीटर रुंदीचा आरसा, टेनिसच्या मैदानाएवढी सावलीची छत्री आणि पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर अंतर. एवढा खटाटोप का? स्वतः तापलेल्या दुर्बिणीला दुसऱ्याची मंद धग कशी कळणार? म्हणून तिला सावलीत गार ठेवले आहे.

२०२४ च्या आरंभी सुझन मलली आणि सहकाऱ्यांनी या दुर्बिणीचे फोटो जाहीर केले. चार श्वेतबटूंपैकी दोघांशेजारी ठिपके दिसले. एक 'डब्ल्यूडी १२०२-२३२', ३४ प्रकाशवर्षांवर. दुसरा 'डब्ल्यूडी २१०५-८२', ५३ प्रकाशवर्षांवर. ठिपक्यांचे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे साडेअकरा पट आणि साडेचौतीस पट. ते ग्रह असतील तर त्यांचे वजन गुरूच्या एक ते सात पट भरते. मागचा हिशेब उलटा केला तर आपल्या गुरू-शनीसारख्या ठिकाणी ते पूर्वी फिरत असावेत.

तो दिवा बरोबर चालतो आहे का?

वर आम्ही 'असतील तर' असे लिहिले, ते मुद्दाम. जाहीर करणाऱ्यांनी स्वतःच या ठिपक्यांना ग्रह म्हटले नाही, 'उमेदवार' म्हटले. कारण त्या दिशेला, ताऱ्याच्या फार फार मागे, एखादी दूरची दीर्घिका असेल तर तीही असाच ठिपका दिसेल.

रात्री घाटाच्या पलीकडच्या उतारावर एक माणूस बॅटरी घेऊन चालला आहे. त्याच्या बाजूला आणखी एक मिणमिणता दिवा दिसतो. तो त्याच्याबरोबर चालणाऱ्या मुलाच्या हातातला आहे, की मागच्या पाड्यावरच्या झोपडीतला? एका नजरेत सांगता येत नाही. थोडा वेळ बघत राहा. माणूस पुढे गेला आणि दुसरा दिवाही गेला तर मुलगा. दिवा जागीच राहिला तर झोपडी. ताऱ्यांच्या बाबतीत हा 'थोडा वेळ' वर्षांचा असतो. दुसरा फोटो येईपर्यंत थांबणे, हाच या विद्येचा नियम आहे. कोट्यवधी डॉलरची दुर्बीण हाताशी असूनही शास्त्रज्ञ 'बहुधा' म्हणतो आणि पोपट घेऊन बसलेला माणूस मात्र पाच मिनिटांत 'नक्की' सांगतो. कोणावर विश्वास ठेवावा, हे वाचकांनीच ठरवावे.

फोटोशिवायचे पुरावेही टाकाऊ नसतात. २०२० मध्ये 'डब्ल्यूडी १८५६' या श्वेतबटूसमोरून गुरूएवढा ग्रह चौतीस तासांनी एकदा आडवा जातो, असे आढळले. ग्रह ताऱ्याच्या सुमारे सात पट मोठा! २०२५ मध्ये जेम्स वेबने त्याची स्वतःची धग पकडली. तापमान उणे ८७ अंश सेल्सिअस निघाले. २०२४ मध्ये केमिंग झांग यांच्या गटाने सुमारे चार हजार प्रकाशवर्षांवर, पृथ्वीच्या साधारण दुप्पट वजनाचा ग्रह श्वेतबटूभोवती असल्याचे दाखवले. तेथे पुरावा गमतीचा आहे. साधा तारा असता तर हवाईतील केक दुर्बिणीच्या फोटोत तो दिसलाच असता. दिसला नाही, म्हणून तो श्वेतबटू. न दिसण्याचाही हिशेब ठेवावा लागतो.

राखेत सापडलेला चुना आणि मेघनाद साहा

आणखी एक पुरावा आहे आणि तो आपल्याला विशेष जवळचा. श्वेतबटूचे गुरुत्वाकर्षण इतके जबर असते की जड मूलद्रव्ये खाली बुडून जातात. वर हायड्रोजन किंवा हेलियमचा शुद्ध थर राहावा. पण पुष्कळशा श्वेतबटूंच्या वर्णपटात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, सिलिकॉन दिसते. म्हणजे चुना, दगड, लोखंड! हे आले कोठून? तुटलेल्या ग्रहांचे आणि लघुग्रहांचे खडक अलीकडेच त्यांच्यावर पडले असले पाहिजेत. 'फान मानेन' ताऱ्याच्या १९१७ च्या वर्णपटात हा कॅल्शियम नोंदला गेला होता. त्याचा अर्थ समजायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

वर्णपटातल्या रेषांवरून ताऱ्याचे तापमान आणि द्रव्य कसे वाचायचे, याची किल्ली जगाला दिली ती डॉ. मेघनाद साहा यांनी, १९२० साली. जन्म १८९३ चा, ढाक्याजवळच्या शेवराताली गावात. वडील छोटे किराणा दुकानदार. जात खालची समजलेली. कलकत्त्याला शिकताना वसतिगृहातील उच्चवर्णीय मुलांनी त्यांच्याबरोबर जेवायला नकार दिला. ज्याच्या ताटाशेजारी बसायला लोक तयार नव्हते, त्याच्या समीकरणावाचून आज जगातली एकही वेधशाळा ताऱ्याचा वर्णपट वाचू शकत नाही. सर्व काही वेदात आधीच आहे, या दाव्याची साहांनी जाहीरपणे खिल्ली उडवली. दामोदर खोऱ्याच्या योजनेत साहांनी शास्त्रज्ञ म्हणून आणि बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंडळातील मजूरमंत्री म्हणून आपापला वाटा उचलला. साहा १९५२ मध्ये लोकसभेवर निवडून गेले, देशाच्या पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्ष झाले आणि फेब्रुवारी १९५६ मध्ये वारले. त्यांचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे.

सूर्यही जाणार

सुमारे पाचशे कोटी वर्षांनी आपला सूर्य फुगेल. बुध आणि शुक्र त्याच्या पोटात जातील. पृथ्वी वाचेल की नाही, यावर मतभेद आहेत. वाचली तरी तिच्यावर समुद्र उरणार नाही. गुरू, शनी बहुधा टिकतील आणि पृथ्वीएवढ्या एका निखाऱ्याभोवती फिरत राहतील. विझलेल्या ताऱ्यांचे फोटो काढणारे लोक एका अर्थाने आपल्याच घराचे पुढचे चित्र पाहत आहेत.

यात घाबरण्यासारखे काही नाही. तथागतांनी अनित्यता सांगितली ती केवळ माणसाच्या देहापुरती नव्हे. जे जे घडले ते मोडणार, कारणे जुळली की वस्तू होते आणि कारणे सरली की जाते. सूर्यालाही त्यातून सूट नाही. ज्या सूर्याला हजारो वर्षे देव मानून अर्घ्य दिले, त्याचेही इंधन मोजलेले आहे. मग अनित्य सूर्याचे अनित्य ग्रह आपल्या मुलीचे नशीब लिहितात, हे कोणी सांगितले तर हसू यायला हवे.

धम्माचा एक गुण आपण वंदनेत रोज म्हणतो : एहिपस्सिको. ये आणि पाहा. केसपुत्त नगरीच्या कालामांनाही तथागतांनी हेच समजावले. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. दुर्बिणीपाशी जागणारी माणसे हेच करीत आहेत. बेसेलचे गणित पक्के होते तरी क्लार्कच्या डोळ्यांची साक्ष लागली. कुलकर्णी आणि सहकारी वर्षभर थांबले. २०२४ चे ठिपके अजून 'उमेदवार' म्हणवले जातात. पत्रिका मांडणाऱ्याला कोणी दुसरा फोटो मागतो काय?

घरात एवढे करा

आई-वडिलांना आमची विनंती फार मोठी नाही. येत्या थंडीत एका मोकळ्या रात्री मुलांना घेऊन अंगणात किंवा गच्चीवर जा. विहाराच्या पटांगणात चार घरे एकत्र आली तर आणखी चांगले. मोबाइल खिशात राहू द्या. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटे लागतात. मृगाचे तीन तारे, त्यांवरून व्याध, एवढे दाखवा. व्याधाशेजारी एक विझलेला सूर्य आहे, तो आपल्याला दिसत नाही, पण कोणीतरी १८६२ मध्ये पाहिला, हे सांगा. मूल विचारेल, तुम्हाला कसे ठाऊक? तो प्रश्न दाबू नका. तोच सर्वांत मोलाचा आहे.

दुसरे, एक जुनी वही घ्या. दर पंधरा दिवसांनी त्याच ठरलेल्या वेळी व्याध कोणत्या झाडावर, कोणत्या घराच्या छपरावर दिसला, ते मुलांना लिहू द्या. चार नोंदींत मुलांना स्वतःच कळेल की तो दर वेळी पश्चिमेकडे सरकलेला असतो. पुढच्या वर्षी त्याच तारखेला, त्याच वेळी तो पुन्हा त्याच झाडावर येईल. हा अनुभव कोणत्याही पंचांगवाल्याकडून विकत घ्यावा लागत नाही. पुण्याच्या आयुका संस्थेने गिरवलीला दोन मीटरची दुर्बीण उभारली आहे; तेथे काम करणारे लोकही लहानपणी कोठेतरी असेच वर पाहत उभे राहिले असणार. अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेतली एखादी मुलगी, बौद्धवाड्यातला एखादा मुलगा उद्या तेथे का नसावा?

आणि तिसरे. घरात लग्नाची बोलणी सुरू असतील आणि समोरून पत्रिकेची मागणी आली, तर नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा. मुलीचे शिक्षण विचारा, मुलाचे व्यसन विचारा, दोघांच्या रक्ताची तपासणी करून घ्या. सिकलसेलचा आजार आपल्या भागात खरा आहे; तो रक्तात सापडतो, मंगळावर नाही. ज्या ग्रहाने मुलगी अडवली असे कोणी म्हणेल, त्याला एवढेच म्हणा : दाखवा!

जयभीम. नमो बुद्धाय.